कॉफी जमेपर्यंत

काटेवाले भरदिवसा घरात बसलेत, असं दृश्य त्यांच्या बायकोनं उभ्या संसारात क्वचितच पाहिलं असेल. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगितलेलं बरं. व्यसन नाही, शिवीगाळ नाही, ताटात पडेल ते खाणारा. पण पायाला भिंगरी. दुकानादुकानांतले वजनकाटे दुरुस्त करायचे, तपासून अचूक करून द्यायचे, हा त्यांचा धंदा. किराणावाले, बेकरीवाले, सोनार, औषधवाले, सगळ्यांकडे यांची फेरी. हातात लोखंडी पेटी, पेटीत खाचांमधे बसवलेली पितळी वजनं. सकाळी पेटी उचलून निघाले की दिवेलागणीला परत. खरं नाव कुणाच्या लक्षात नव्हतं. सगळे काटेवाले म्हणायचे, आणि बायको रागावली की तीसुद्धा दार उघडताना म्हणायची, आले आमचे काटेवाले.

कामाच्या त्यांच्या दोन सवयी होत्या, आणि त्या दोन्ही त्यांनी घरातही आणल्या होत्या. पहिली म्हणजे एका वेळी एकच स्क्रू फिरवायचा. दोन फिरवले आणि काटा सुधारला, तर कशानं सुधारला हे कसं कळणार? म्हणून एक फिरवायचा, बघायचं, मग दुसरा. दुकानदार घाईला आलेला असला, गिऱ्हाईक खोळंबलेलं असलं, तरी यांचं आपलं एक म्हणजे एक. दुसरी सवय म्हणजे काटा एकदा शून्यावर येऊन थांबला की पेटी बंद. दुकानदार पाणी देतो म्हणाला तरी थांबायचे नाहीत. जे बरोबर झालं त्याच्यापाशी बसून करायचं काय, असा त्यांचा सरळ हिशेब होता.

सासूबाई गेल्या तेव्हाची गोष्ट सांगण्यासारखी आहे. हे बायकोबरोबर तिच्या माहेरी गेले. तिथं दाराची बिजागरी करकरत होती ती बसवली, गळका नळ थांबवला, बंद पडलेलं घड्याळ चालू केलं. मग चारी बाजूंना बघितलं, सगळं ठीकठाक दिसलं, आणि पेटी उचलून कामाला निघून गेले. बायको मधल्या खोलीत रडत बसली होती. तिच्यात दुरुस्त करण्यासारखं काही नव्हतं, म्हणून तिच्याजवळ थांबायचं त्यांना सुचलंच नाही. यावर ती कधी भांडली नाही. पण ती विसरलीही नाही.

बायको टेलिफोन ऑफिसात ऑपरेटर होती. कानाला यंत्र लावून लोकांचे फोन जोडून द्यायचे, हे तिनं केस पांढरे होईपर्यंत केलं. तिथल्या बायकांना काळ्या बिनसाखरेच्या कॉफीचं वेड. ती निवृत्त झाली तेव्हा बरोबरीच्या बायकांनी वर्गणी काढून तिला ठिबक कॉफीचं मशीन दिलं. मागं पाण्याची टाकी, वर कागदी गाळणी बसवायचा पेला, खाली काचेचं भांडं, आणि भांड्याखाली तापणारी तबकडी. बटण दाबलं की पाणी तापून नळीनं वर चढतं, कॉफीच्या पुडीवर ठिबकतं, आणि खाली कॉफी उतरते. ती सकाळी स्वतःसाठी एक मोठा कप करायची आणि खिडकीशी बसून एकटीच प्यायची. काटेवाले तोवर गेलेले असायचे.

मग तिला पोटाचा कॅन्सर निघाला. शस्त्रक्रिया झाली, औषधं चढवून झाली, आणि शेवटी डॉक्टरांनी काटेवाल्यांना बाजूला घेऊन सांगितलं की आता घरी न्या, त्यांना आवडेल ते द्या. बायकोची धाकटी बहीण शाळेतली नोकरी रजेवर टाकून राहायला आली. तिला सगळे धाकटीच म्हणत, स्वतः पन्नाशी ओलांडली तरी. तिनं आल्याबरोबर घर ताब्यात घेतलं. काटेवाले पहिल्यासारखे पेटी उचलून जात राहिले. मनाला लागलं नव्हतं असं नाही. उलट जीव तुटत होता. पण घरात थांबून करायचं काय, ते कळत नव्हतं. आणि काही करता येत नसेल तर त्यांना खोलीत उभंही राहवत नसे.

बायकोचं खाणं तुटत गेलं. दोन चमचे सूप घेतलं तरी धाकटी खूश. पण एका सकाळी तिनं आपणहून कॉफी मागितली. धाकटीनं केली, दिली. एक घोट घेतला आणि तिचं तोंड वाकडं झालं. कडू लागतेय म्हणाली, आणि मागून लोखंडासारखी चव येतेय. औषधांनी जिभेची चव जाते हे डॉक्टरांनी सांगितलंच होतं. धाकटी समजावत म्हणाली की ताई, जीभ बिघडलीय तुझी, कॉफी सोड आता. तिनं कप बाजूला ठेवला आणि भिंतीकडे तोंड केलं. एवढ्या आजारात कधी रडली नव्हती, ती त्या कॉफीच्या कपापायी रडली.

काटेवाले दारात चपला घालत होते. त्यांनी ते पाहिलं आणि त्यांना फार वाईट वाटलं. पण त्याचबरोबर, खोटं कशाला बोला, त्यांना हायसंही वाटलं. कारण इतक्या महिन्यांत पहिल्यांदा घरात असं काही बिघडलं होतं, जे हातात घेता येईल. एखाद्या दुकानाची फरशीच तिरकी असते. फरशी काही उखडता येत नाही. मग काट्याचे पाय कमीजास्त करून काटा फरशीला जुळवून घ्यायचा. जिभेचं काही करता येत नसेल तर मशीन जिभेला जुळवायचं, इतकं साधं होतं ते. त्यांनी चपला काढल्या, पेटी कपाटाखाली सरकवली आणि पलंगाशी जाऊन म्हणाले,

"ही कॉफी जमेपर्यंत मी कामाला जात नाही."

बायको त्यांच्याकडे बराच वेळ बघत राहिली. त्यांना वाटलं, बाईचा विश्वास बसत नाहीये.

पहिल्या दिवशी त्यांनी मशीन उघडलं. नळीत पाण्याचा पांढरा थर साचला होता, तो व्हिनेगर फिरवून काढला, वर साधं पाणी चारदा फिरवलं. दुसऱ्या दिवशी चमचा बाद करून, दुरुस्तीला घरी आलेल्या सोनाराच्या काट्यावर पूड तोलली. मग दळण घेतलं. पूड फार बारीक होती. पाणी तिच्यात रेंगाळायचं आणि नको तेवढा अर्क ओढून आणायचं. त्यांनी जाडसर दळली. ती पांचट झाली. मग त्याहून थोडी बारीक. धाकटी डोक्याला हात लावून म्हणायची, भावजी, सगळं एकदम बदलून बघा की, कशाला रोज एकेक? पण ते कसलं ऐकतायत. एक म्हणजे एक. मग आणखी एक गोष्ट सुचली. मशीन चालू करायचं, पूड जरा भिजली की बंद करायचं, पूड फुगून वर येईपर्यंत थांबायचं, आणि मग पुन्हा चालू करायचं. फुगलेल्या पुडीतून पाणी सावकाश उतरायचं आणि घरभर वास सुटायचा. त्यानंतर तापत्या तबकडीवरून भांडं लगेच उचलायला लागले, कारण तिथं कॉफी शिजत राहते हे त्यांच्या ध्यानात आलं.

रोज सकाळी कप घेऊन पलंगाशी उभे राहायचे. दोन्ही हात मागे, निकालाला उभ्या राहिलेल्या पोरासारखे. बायको डोळे मिटून घोट घ्यायची, जरा थांबायची, आणि म्हणायची की कालच्यापेक्षा बरी आहे, पण मागून कडवट येतेच अजून. मग म्हणायची, बसा ना, बघू या कुठून येतेय ती. काटेवाले स्टूल ओढून बसायचे. ती अर्धा घोट घ्यायची, विचार केल्यासारखं करायची, आणि मधेच दुसरंच काही बोलायला लागायची.

एवढ्या वर्षांत जे कधी ऐकलं नव्हतं ते त्यांनी त्या स्टुलावर बसून ऐकलं. टेलिफोन ऑफिसातल्या कुठल्या बाईचं कुणाशी जमलं होतं, कुठला साहेब फोनवर गाणं म्हणायचा. एक म्हातारा रोज संध्याकाळी एकच नंबर मागायचा. तो नंबर केव्हाच बंद पडला होता, त्या घरात कुणी राहत नव्हतं. ही त्याला रोज सांगायची की घंटी वाजतेय, पण उचलत नाहीयेत, उद्या बघू. काटेवाल्यांना ते काही पटलं नाही. ते म्हणाले, सरळ सांगून टाकायचं ना, बंद आहे म्हणून. एक घाव दोन तुकडे. बायको हसली. हसताना पोटात दुखायचं तिला, तरी हसली. म्हणाली, मग तो दुसऱ्या दिवशी फोन कशाला करेल?

बोलता बोलता कप रिकामा व्हायचा. ते काटेवाल्यांच्या नजरेतून सुटलं नव्हतं. कडू लागतेय तर संपवतेस कशी, असं त्यांनी एकदा विचारलंही. ती म्हणाली, तुम्ही एवढं करताय, टाकून कशी देऊ? हे त्यांना खरं वाटलं. आता हा माणूस असा, की दुकानदारानं शपथेवर सांगितलं तरी काटा स्वतः बघितल्याशिवाय मान डोलवायचा नाही. पण बायकोच्या शब्दाची पारख करायची असते हे त्याला कधी वाटलंच नाही. कप रिकामा दिसत होता, आणि त्यांनी शब्द खरा धरला.

दुकानदारांचे फोन यायचे. काटेवाले, येताय कधी? हे म्हणायचे, कॉफी जमली की. तिकडे हशा पिकायचा, काटेवाल्यांचे कॉफीवाले झाले म्हणून. यांना त्याचं काही नव्हतं. एकदा गच्चीत धाकटी कपडे वाळत घालत होती, तेव्हा हे तिच्याजवळ जाऊन उभे राहिले. म्हणाले, डॉक्टर हरले, औषधं हरली, माझ्या हातात आता हे एवढंच आहे. जाण्याआधी एकदा तिनं म्हणावं, जमली. बास. धाकटी चिमटे हातात धरून काहीतरी बोलायला गेली, आणि मग ओला टॉवेल झटकत पाठमोरी झाली.

बायको दिवसेंदिवस खंगत चालली. आता कप धाकटी धरायची. घोट लहान झाले, गोष्टी तुटक झाल्या. पण मागून कडवट येतेच, हे काही सुटलं नाही. आणि काटेवाल्यांकडचे सगळे स्क्रू फिरवून संपले होते. पाणी, वजन, दळण, भिजवण, तबकडी, सगळं झालं. एका सकाळी कॉफी उतरल्यावर त्यांनी गाळणीचा पेला काढून खिडकीच्या उजेडात धरला आणि स्वतःवरच चडफडले. इतके दिवस हे दिसलं कसं नाही? पुडीच्या मधोमध खड्डा पडला होता आणि कडेची पूड भिजून नुसतीच चिकटली होती. पाणी एकाच जागी पडत होतं. मधली पूड पार धुऊन निघत होती आणि कडेचा कस उतरतच नव्हता. कडू चव इथूनच येत असणार. वरून पाणी ठिबकतं तिथली प्लास्टिकची चकती बदलायची, बारीक भोकांची स्टीलची बसवायची, की पाणी सगळीकडे सारखं पडेल.

इतका आनंद त्यांना कित्येक महिन्यांत झाला नव्हता. शहराच्या दुसऱ्या टोकाला कारखान्यांच्या भागात त्यांच्या ओळखीचा, धातूचे भाग कातून देणारा एक जुना लेथवाला होता. त्यानं समोर बसून चकती करून दिली असती. दोन बस बदलायच्या, दुपारपर्यंत परत.

त्याच सकाळी कॉफी देताना त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. ती उशीला टेकून होती, रंग उतरलेला, ओठ कोरडे. ती म्हणाली, आज राहू द्या. ते म्हणाले, गेलो आणि आलो. तिनं धाकटीला कप तोंडाशी धरायला लावला, घोट घेतला, आणि डोळे न मिटता त्यांच्याकडे बघत म्हणाली,

"आज जमलीय हो. अगदी छान झालीय."

हेच ऐकायला तर ते जिवाचं रान करत होते. पण ऐकलं आणि त्यांनी आधी हिशेब केला. कालचंच वजन, कालचंच दळण, कालचंच पाणी. काल कडू होती. काही बदललेलं नाही, मग आज जमेल कशी? म्हणजे ही माझी दगदग वाचवायला बोलतेय. त्यांना तिची माया आली. माझ्यापायी खोटं बोलतेस होय, असं म्हणून हसले. ती म्हणाली, खरंच हो. आणि तिनं त्यांच्या शर्टाची बाही धरली. बोटांत जोर नव्हता. त्यांनी ती बोटं हळूच सोडवली, हातावर थोपटलं, आलोच म्हणाले, आणि गेले.

लेथवाल्यानं काम चोख केलं. चकती कागदात गुंडाळून खिशात घालून ते दुपारी जिना चढले तर घराचं दार उघडं, दारात डॉक्टरांचे बूट. बायकोची शुद्ध गेली होती. ते निघाल्यावर थोड्याच वेळात हरपली, असं धाकटीनं सांगितलं. त्यांना फोन केले होते, पण लेथच्या आवाजात ते ऐकूच आले नव्हते. डॉक्टर म्हणाले, बहुतेक जाग्या होणार नाहीत आता. त्रास होत नाहीये, एवढं समाधान माना.

काटेवाले पलंगाशी उभे राहिले. मग स्टुलावर बसले, आणि उठले. त्यांच्या हातांना काही सुचेना. ते स्वयंपाकघरात गेले आणि त्यांनी चकती बसवली. धाकटी दारातून बघत राहिली. काय वेडेपणा चाललाय हा, असं तिच्या मनात आलं असेल. त्यांनी पूड तोलली, भिजवली, जरा थांबून बटण दाबलं. पाणी सगळीकडे सारखं पडलं. कुठं खड्डा नाही, कुठं कोरडं नाही. त्यांनी कप भरला, तो खोलीच्या दारापर्यंत नेला, आणि तिथं आल्यावर त्यांना कळेना की आता हा कुणाला द्यायचा. कप हातात तिरका झाला. धाकटीनं पुढं होऊन कप काढून घेतला, आणि कॉफी सांडू नये म्हणून की त्यांचं मन राखायला, ती प्यायली.

"कशी आहे?" त्यांनी विचारलं.

ती म्हणाली, रोजच्यासारखीच आहे. छान आहे.

"रोज तर कडू लागायची तिला."

धाकटीनं कप खाली ठेवला. मग रडत रडत सगळं सांगितलं. कॉफी केव्हाच जमली होती. पूड भिजवून फुगवायला लागले ना, त्याच दिवशी. त्या दुपारी ताई तिला खुदकन हसून म्हणाली होती, "धाकटे, कॉफी जमली गं. पण बोलू नकोस. जमली म्हटलं की हा माणूस पेटी उचलेल." आणि शपथ घातली होती. रोज दुपारी ताई उद्यासाठी गोष्ट आठवून ठेवायची. कुठली सांगितली, कुठली राहिली, ते धाकटीला विचारायची. आज सकाळी, आपण कॉफीला कडू म्हटल्यामुळेच हे घराबाहेर चाललेत म्हटल्यावर, बिचारीनं खरं सांगून पाहिलं.

काटेवाल्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग खोलीत जाऊन स्टूल पलंगाला चिकटवलं आणि बसले. तिचा हात हातात घेतला. त्या रात्री ते तिथून हलले नाहीत. धाकटीनं पाणी आणलं तरी उठले नाहीत. बोलले मात्र बरंच. काय बोलले ते धाकटीनं कान देऊन ऐकलं नाही. उजाडल्यावर बायको गेली. जाग आलीच नाही तिला.

माणसं आली, गेली. घर रिकामं झालं. धाकटी पुढं ठेवेल ते काटेवाले निमूटपणे जेवायचे. तिची रजा संपत आली. निघायच्या दिवशी तिनं फ्रिजमधलं काय कधी संपवायचं ते समजावलं, दोनदा तेच तेच सांगितलं, बॅग खांद्याला लावली. काटेवाले दाराशी उभे होते. कडीवरून हात फिरवत ते एकाएकी म्हणाले,

"सरळ म्हणायचं ना तिनं, बसा म्हणून. बसलो असतो की मी."

धाकटीला राग आला नाही. ती थकली होती, आणि तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"बसला असता, भावजी?"

काटेवाल्यांनी कडीवरचा हात काढला. हो म्हणून मोकळं होता आलं असतं, आणि धाकटीनं ते मानूनही घेतलं असतं. पण कुणाला चुकीचं माप द्यायची सवय त्यांना नव्हती, आणि आता ती लावून घ्यायचं वयही नव्हतं.

"दोन दिवस बसलो असतो," ते म्हणाले. "मग गेलो असतो."